काठी आणि गुप्ती

लांबून पाहिले तर काठी आणि गुप्ती यांत फरक कळत नाही. दोन्ही हातात धरून चालायच्या, दोन्हींचा आधार घेऊन चढण चढायची. फरक मुठीत असतो. काठीची मूठ ओढून काही होत नाही. गुप्तीची ओढली की आतून पाते बाहेर येते. आपल्या शस्त्रविषयक नियमांनी हा फरक नेमका हेरला आहे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांची जी यादी त्यांत आहे, तिच्यात तलवारीच्या जोडीनेच गुप्तीचाही समावेश केलेला आहे. साध्या काठीवर मात्र एरवी बंधन नाही. पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली प्रतिबंधक आदेश निघाला, तरच तीही घरी ठेवावी लागते. अनोळखी माणसाची धास्ती वाटते म्हणून कमरेला झाकलेले पिस्तूल बाळगावे की नाही, हा प्रश्न आज नवा वाटतो. पण मुळात तो काठी आणि गुप्ती यांच्यातलाच प्रश्न आहे, आणि आपल्या मुलखाने त्याचे उत्तर फार पूर्वी शोधले होते. परक्यापासून माणसाला ज्याने राखले ते नेहमी उघड होते: उघड विचारलेला प्रश्न, उघड दिसणारी काठी, उघड नेमलेला राखणदार. लपवलेले हत्यार बहुतेक वेळा त्याच्याच कामी आले, ज्याने कुणावर वार करायचा हे आधीच ठरवले होते. पनवेलच्या पंचक्रोशीचा इतिहास समोर ठेवून हे म्हणणे तपासून पाहता येते.

पनवेलच्या परिसराला परके कधीच नवे नव्हते. मुंबईहून गलबतात बसायचे, पनवेलच्या बंदरात उतरायचे आणि तिथून बोरघाट चढून पुणे गाठायचे, ही शतकानुशतकांची वाट. १८३० साली घाटातून चाकाच्या गाड्या जाण्याजोगा रस्ता झाला आणि ही वर्दळ आणखी वाढली. १८६३ साली रेल्वे बोरघाट चढून गेली, तेव्हा प्रवासी कर्जत-खंडाळ्याकडे वळले. त्याआधी, १८५२ साली, पनवेलला नगरपालिका मिळाली होती. व्यापारी, हमाल, गाडीवान, यात्रेकरू आणि सैनिक यांची सततची ये-जा असलेल्या गावाला ती लागणारच होती. या बंदराच्या पाठीशी, गाढी नदीच्या काठाने, विचुंबे, देवद, नेरे अशी भातशेतीची गावे वसली होती. तिथल्या माणसाला बाजाराच्या दिवशी अनोळखी चेहरा दिसणे नेहमीचे होते. म्हणजे ‘पूर्वी सगळे ओळखीचे होते, म्हणून भीती नव्हती’ हे निदान या तालुक्याला लागू पडत नाही. परके होतेच. त्यांना सामोरे जाण्याची एक रीत होती.

त्या रीतीचे सर्वांत स्पष्ट वर्णन देशावरचे आहे. पेशवाई संपल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात गावच्या राखणदाराची कामे सांगितली आहेत: रात्री पहारा करणे, गावात कोण आले आणि कोण गेले याची खबर ठेवणे, परक्या माणसावर नजर ठेवणे, संशय आला तर पाटलाला कळवणे, आणि गावातल्या प्रत्येकाचा स्वभाव ओळखून असणे. चोरी झाली तर त्याने पावलांचा माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत गेला की पुढची जबाबदारी त्या गावाची. या व्यवस्थेचा कणा माहिती हा आहे. हत्यार तिच्यात होते, पण ते राखणदाराच्या खांद्यावर, सर्वांना दिसेल असे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथातही पाटील, वेसकर, जागल्या यांच्या कामाची हीच चौकट दिसते. इंग्रजांनी ती मोडली नाही, कायद्यात बसवली. १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने पाटलाला पोलीस पाटील केले, आणि महाराष्ट्राने १९६७ साली नवा कायदा करून ते पद आजवर राखले.

कोकणात देशावरच्यासारखी कूस आणि वेस सहसा नसते. वाड्या विखुरलेल्या, घरे आपापल्या आगरात. इथे वेशीचे काम घराच्या रचनेने केले. अंगण, पडवी, ओटी, माजघर आणि त्यामागे स्वयंपाकघर हा नुसता बांधकामाचा क्रम नव्हता; माणूस किती जवळचा आहे याचे ते मोजमाप होते. वाटसरू अंगणात थांबे. ‘कोण गावचे? कुणाकडे निघालात?’ या प्रश्नांची उत्तरे मिळाली की तो पडवीत टेके, त्याला पाणी आणि गूळ मिळे. ओळख पटली तर ओटीवर बसे. माजघर नात्यातल्यांसाठी. या रीतीने दोन गोष्टी एकाच वेळी साधत. आलेल्याचा अपमान होत नसे, कारण प्रश्न सर्वांनाच विचारला जाई आणि पाणीही सर्वांना मिळे, निदान ज्यांना जातीने दूर ठेवले नव्हते त्यांना. आणि घरातल्यांना अंतर मिळे, वेळ मिळे, शेजाऱ्याला हाक मारण्याची सोय मिळे. संकटाच्या प्रसंगी अंतर, वेळ आणि साक्षीदार या तीन गोष्टी माणसाला वाचवतात. लपवलेले पिस्तूल यांतली एकही देत नाही. उलट ते बाहेर काढण्याची पाळी येते तेव्हा तिन्ही संपलेल्या असतात.

ही व्यवस्था निर्दोष होती असे म्हणणे मात्र खोटे ठरेल. वेशीवर रात्रभर उभे राहण्याचे काम महारांवर जन्माने लादलेले होते. गावाची राखण करणाऱ्याचे घर गावकुसाबाहेर होते, आणि मोबदला म्हणून त्याच्या पदरात बलुते आणि अवहेलना दोन्ही पडत. संशयही समान वाटला गेला नाही. ‘गावगाड्या’त फिरस्त्यांवर जे लिहिले आहे, त्यात त्यांच्याकडे गावावरचा भार म्हणून पाहिलेले दिसते. सरकारने १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या संशयाला जन्मखुणेचे रूप दिले. फिरत्या जमातींच्या माणसांनी हजेऱ्या देत आयुष्ये काढली, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला तरी डाग पुसला गेला नाही. म्हणून जुन्या रीतीतून काय घ्यायचे हे निवडूनच घ्यायला हवे. प्रश्न विचारण्याची पद्धत घ्यावी. प्रश्न कुणाला विचारायचा हे जातीवरून ठरवण्याची पद्धत गाडून टाकावी.

आता लपवलेल्या हत्याराकडे वळू. मराठी मनात त्याची सर्वांत तेजस्वी प्रतिमा १० नोव्हेंबर १६५९ ची आहे: प्रतापगडाच्या पायथ्याचा शामियाना, अफजलखानाची मिठी, आणि शिवाजी महाराजांच्या हातातली वाघनखे व बिचवा. तेव्हा लपवलेले हत्यार हे भ्याडपणाचे कसे, असा आक्षेप कुणी घेईल तर तो रास्त आहे, आणि ते भ्याडपणाचे असे इथे म्हणायचेही नाही. पण त्या भेटीचे तपशील नीट पाहावेत. समोरचा माणूस वाटेत भेटलेला अनोळखी नव्हता. तो फौज घेऊन आलेला सरदार होता आणि त्याच्या हेतूची माहिती हेरांकडून, वकिलांकडून आठवडेच्या आठवडे जमवलेली होती. भेटीची जागा, सोबतच्या माणसांची संख्या, बसण्याची व्यवस्था हे सगळे आधी ठरले होते. खानाचा वार झाला तेव्हा अंगरख्याखालच्या चिलखताने जीव राखला, सय्यद बंडाचा वार जिवा महालाने अडवला, आणि जावळीच्या रानात दबा धरलेल्या फौजेने पुढची लढाई जिंकली. वाघनखे या साऱ्या तयारीचे शेवटचे टोक होती. ती कथा आपल्याला आधी माहिती, अंतर आणि सोबत यांचे मोल शिकवते. त्यातून फक्त नखे उचलून खिशात घालणारा माणूस कथेचा गाभा मागे सोडून येतो.

पिस्तूल आल्यावर लपवण्याची कला सोपी झाली आणि तिचा खरा स्वभाव उघडा पडला. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी इंग्रज अधिकारी रँडवर गोळी झाडली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी इंग्रज कलेक्टर जॅक्सनवर. हे परकीय सत्तेविरुद्धचे कृत्य होते आणि त्यासाठी त्यांनी प्राण दिले. त्यांच्या त्यागाची इथे चिकित्सा करायची नाही. इथे पाहायचे आहे ते शस्त्राचे गणित. दोन्ही वेळा वेळ, जागा आणि माणूस निवडण्याचा हक्क झाडणाऱ्याकडे होता. ज्याच्यावर झाडली त्याच्या खिशात काय होते याला काही अर्थ उरला नव्हता. हेच गणित स्वतंत्र भारतात अत्यंत क्रूर रूपात परत आले. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्याच्या ओंकारेश्वर पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यावर, आणि १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात सकाळच्या फेरीवरून परतणारे कॉ. गोविंद पानसरे व त्यांच्या पत्नी उमाताई यांच्यावर, मोटारसायकलवरून आलेल्यांनी गोळ्या झाडल्या. लपवलेल्या पिस्तुलाची सारी ताकद पहिल्या क्षणात असते, आणि पहिला क्षण नेहमी हल्लेखोराचा असतो. बचावासाठी तेच शस्त्र बाळगणारा माणूस आपल्या हाती नसलेल्या क्षणावर विसंबतो.

पहिला गंभीर आक्षेप स्वातंत्र्याच्या चळवळीतून येतो. व्हाइसरॉय लिटनच्या राजवटीत १८७८ चा शस्त्र कायदा झाला. त्याने भारतीयाला परवान्याखाली आणले आणि युरोपियनाला मोकळे ठेवले. पुढच्याच वर्षी, मे १८७९ मध्ये, पनवेलजवळच्या शिरढोणचे सुपुत्र वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडातल्या दौलतराव नाईकांच्या तुकडीने विचुंब्यापासून जवळच असलेल्या पळस्प्यावर छापा घातला आणि मोठी लूट नेली. निःशस्त्र गावाचे काय होते हे यावरून दिसत नाही का? घटना खरी आहे, पण निष्कर्ष निघत नाही. संघटित तुकडी आपली रात्र निवडून येते, तेव्हा एखाद्या घरातले एखादे पिस्तूल तिला थोपवत नाही. ती तुकडी संपली ती माग काढणाऱ्यांमुळे. दौलतराव काही दिवसांतच चकमकीत पडले. स्वतः फडके जुलै १८७९ मध्ये विजापूरकडच्या देवर नावडगी येथे पकडले गेले आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. राहिला कायद्याचा अन्याय. तो अन्याय वर्णभेदाचा होता, आणि काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून त्याविरुद्ध आवाज उठवला. गांधीजींनीही एका साऱ्या राष्ट्राचे शस्त्र हिरावण्याला ब्रिटिश राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत मोजले. पण १९२८ च्या नेहरू अहवालात आणि १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा जो हक्क मागितला, तो नियमांच्या अधीन राहूनच मागितला होता. चळवळीची मागणी सर्वांना एकच कायदा असावा अशी होती.

संविधान सभेत हा मुद्दा पूर्ण उजेडात आला. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामथ यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती सुचवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. प्रत्येकाला बाजारात जाऊन मारक साधने बेधडक विकत घेण्याची मुभा असेल तर राज्य चालणार कसे, असा त्यांचा रोख होता. नागरिकाचा शस्त्र धारण करण्याचा हक्क महत्त्वाचा की देशासाठी शस्त्र धरण्याचे कर्तव्य, हा फरकही त्यांनी मांडला. दुरुस्ती फेटाळली गेली. एकोणिसाव्या कलमाने जमण्याचा हक्क दिला तो शांततेने आणि शस्त्रांविना. ज्या समाजाच्या माणसांकडून शतकानुशतके वेशीवर सक्तीने पहारा करवून घेतला, त्याच समाजातून आलेल्या घटनाकाराने हे सांगावे याला फार मोठा अर्थ आहे. दुबळ्याचे रक्षण कुणाच्या खाजगी बळावर सोडता येत नाही, कारण खाजगी बळ आधीच बलवानाकडे असते.

दुसरा आक्षेप असा की लपवलेल्या पिस्तुलाचा धाक सर्वांना वाटतो. चोराला कुणाकडे आहे ते कळत नाही, म्हणून तो कुणाच्याच वाटेला जात नाही. अमेरिकेत जॉन लॉट यांनी १९९८ च्या पुस्तकात हा सिद्धांत मांडला. तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने २००५ च्या अहवालात, उपलब्ध पुराव्यातून असा निष्कर्ष काढता येत नाही असे म्हटले. जॉन डोनोह्यू आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या अभ्यासाचा अंदाज तर असा की पिस्तूल बाळगण्याची सर्रास मुभा देणाऱ्या राज्यांत दहा वर्षांनंतर हिंसक गुन्हे १३ ते १५ टक्के अधिक असतात. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्याच अमेरिकेत केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ साली लपवून शस्त्र बाळगण्यावरच बंदी घातली होती. उघड बाळगणारा सचोटीचा आणि लपवणारा घातकी, अशी तेव्हाची समजूत होती. काठी आणि गुप्ती यांतला फरक तिथल्या लोकांनाही ठाऊक होता.

आपल्याकडे मात्र कायदाच परवानाधारकाला पिस्तूल झाकून न्यायला सांगतो, मग लपवण्याला दोष का द्यायचा? २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक जागी पिस्तूल म्यानात, पूर्ण झाकलेले आणि ताब्यात असावे लागते. पण हे झाकणे रस्त्यापुरते आहे. परवान्यावर नाव, छायाचित्र, शस्त्राचा क्रमांक असतो. देण्याआधी पोलिसांचा अहवाल मागवला जातो. जत्रा, मिरवणूक, शाळा-महाविद्यालयाच्या आवारात ते नेता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात. समाजाच्या वहीत ते शस्त्र उघडच असते. तरीही धोका संपत नाही. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी दहिसरमध्ये एका माजी नगरसेवकाचा खून झाला तो ओळखीच्या माणसाकडून, आणि पोलिसांच्या तपासात पिस्तूल निघाले ते हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या परवान्याचे. परक्याच्या भीतीने घरात आलेले शस्त्र ओळखीच्या माणसावर चालते, ही त्याची सर्वांत दुःखद बाजू.

सर्वांत कठीण आक्षेप एकट्या माणसाचा आहे. रात्री उशिरा पनवेल स्थानकावर उतरून विचुंब्याकडे जाणारी बाई, पाठीमागून येणारी पावले, आणि पोलीस दूर. तिला इतिहास सांगून काय उपयोग? तिची भीती खरी आहे आणि तिला उत्तर देणे समाजाचे कर्तव्य आहे. कायद्याने तिला स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे त्यासाठीच आहेत, आणि जीव किंवा अब्रू धोक्यात असेल तर तो हक्क हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंतही जातो. पण भीती आणि धोका या दोन गोष्टी एक नाहीत, आणि त्यांतला फरक काही क्षणांत ओळखणे माणसाला साधत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. ते सगळे वाटसरू होते. त्यांना ‘कोण गावचे?’ हे शांतपणे विचारून उत्तराची वाट पाहणारे त्या घटकेला कुणी उरले नव्हते. ज्या भीतीने हातात दगड दिला, तिच्या हातात पिस्तूल दिले तर काय होईल? आणि त्या गोळीला पहिला बळी पडेल तो फाटक्या कपड्यातला, परभाषेत बोलणारा, भटका माणूसच.

विचुंबे आज पुन्हा परक्यांचे गाव झाले आहे. १९७० साली सिडको आली, शेजारी नवीन पनवेल उभे राहिले. २०१३ पासून हे गाव नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्राच्या, म्हणजे ‘नैना’च्या, हद्दीत आहे. भाताच्या खाचरांवर इमारती आल्या. सदनिकेचे दार उघडले की माणूस थेट घरात येतो; अंगण नाही, पडवी नाही, ओटी नाही. फाटकावरचा रखवालदार हा आजचा वेसकर. बारा-बारा तासांच्या पाळ्यांत उभा, कितीदा स्वतःच लांबून आलेला, आणि ज्यांना राखायचे त्यांची नावे त्याला माहीत नाहीत. अस्वस्थता वाढते ती या तुटलेल्या साखळीमुळे. तेव्हा दुरुस्तीही तिथेच करायला हवी. स्थानकापासून वाडीपर्यंत दिवे आणि रात्री उशिरापर्यंत वाहन, हाकेला ओ देणारी पोलीस चौकी, भाडेकरूची नोंद जी कागदावर न थांबता ओळखीपर्यंत पोचेल, रखवालदाराला पुरते वेतन आणि मान, जिन्यात एकमेकांची नावे घेणारे शेजारी. यांतले काहीच थोर दिसत नाही आणि यांतल्या कशालाही कमरेला खोचता येत नाही. पण पनवेलच्या बंदरात उतरून येणाऱ्या हजारो अनोळखी माणसांसोबत या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या दिवस काढले ते अशाच गोष्टींच्या आधारावर. काठी हातात दिसत असते, म्हणून समोरच्याला थांबायला वाव मिळतो, आणि धरणाऱ्यालाही. समोरच्याला असा वाव देणारी माणसेच एकमेकांचे शेजारी होऊ शकतात.